कुरळ्या मांजराचे केस का गळतात?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे डेव्हन नावाचा परगणा आहे. त्यातल्या एक्सेटर शहरात आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त राहतो. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने हट्ट करून मांजराचे एक पिल्लू घरी आणले. पिल्लू साधेसुधे नव्हते. मोठे कान, आखूड नाक आणि अंगभर कोकराच्या लोकरीसारखे बारीक कुरळे केस. या जातीचे नावही त्याच परगण्यावरून पडले आहे: डेव्हन रेक्स. पिल्लू तीन महिन्यांचे झाले आणि त्याचे केस जाऊ लागले. आधी मानेखालचे, मग पोटावरचे. उरली ती मखमलीसारखी विरळ लव. शेजारणीने सांगितले, हा त्वचेचा रोग आहे. झाले! मुलीला पिल्लू उचलून घ्यायला बंदी झाली आणि घरात रडारड सुरू झाली.

विद्यार्थ्याने छायाचित्र पाठवून विचारले, "सर, तुम्ही केसांवर काम करता. हे काय असेल?"

केसांतील प्रथिनांवर आम्ही बरीच वर्षे काम करत आहोत. छायाचित्र पाहून त्याच संध्याकाळी आम्ही उत्तर लिहिले: या जातीच्या पिल्लांचे पहिले केस असेच जातात, पुन्हा येतील, मुलीला खेळू द्या. या उत्तरातले पहिले दोन भाग बरोबर होते. तिसऱ्या भागाची किंमत त्या मुलीला मोजावी लागली. ती गोष्ट पुढे येईलच. त्याआधी केस कुरळा का होतो ते पाहू, कारण या मांजरांच्या बाबतीत कुरळेपणा आणि केस गळणे हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच.

केस त्वचेतल्या एका खोलगट पिशवीत तयार होतो. तिला केशपुटक म्हणतात. पुटकाच्या तळाशी पेशी सतत विभागत असतात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर सरकताना पेशींमध्ये केराटिन नावाच्या प्रथिनाचे धागे भरत जातात, पेशी मरतात, कडक होतात आणि केसाची काडी बनते. इथपर्यंतचे पाठ्यपुस्तकात असते. पाठ्यपुस्तकात सहसा नसते ती गोष्ट अशी, की ही मऊ काडी एकटी वर येत नाही. तिच्याभोवती पेशींचे एक आवरण असते. या आतल्या आवरणात केराटिनचे स्वतःचे वेगळे प्रकार असतात, आणि ते काडीच्या आधी कडक होते. म्हणजे ते केसाचा साचा असते.

दिवाळीत चकल्या करताना सोऱ्यातून पीठ बाहेर पडते ते आठवा. पीठ मऊ असते, चकती कडक असते. चकतीचे छिद्र नीट कातलेले असेल तर चकली सारख्या जाडीची उतरते. चकती सैल असेल किंवा छिद्राची कड वाकलेली असेल तर चकली कुठे जाड, कुठे बारीक, वेडीवाकडी पडते आणि उचलताना बारीक जागीच मोडते. केसाचेही असेच आहे. फरक एवढाच, की सोऱ्याची चकती जागच्या जागी राहते, तर केसाचा साचा केसाबरोबर वर सरकतो आणि त्वचेच्या पृष्ठभागापर्यंत पोचण्याआधीच विरून जातो. तोवर काडी कडक झालेली असते. हा साचा आणखी एक काम करतो. त्याची आतली बाजू आणि केसाची बाहेरची बाजू यांवरचे खवले कौलांसारखे एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे वाढता केस मुळाशी घट्ट धरला जातो. साचा बिघडला तर आकार बिघडतो, काडी कच्ची होते आणि पकडही ढिली पडते. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे.

सामान्य मांजराच्या अंगावर तीन प्रकारचे केस असतात: सर्वांत वर दिसणारे लांब, जाड, सरळ केस, त्यांच्याखाली टोकाकडे थोडे फुगीर असे मधले केस, आणि अगदी आतली मऊ लव. वरचे केस पाऊस आणि घर्षण सोसतात, लव ऊब राखते. मिशा हा चौथा आणि वेगळाच प्रकार, स्पर्शाच्या कामाचा.

आता इतिहासाकडे वळू. तो इतका चांगला आहे, की आनुवंशिकता शिकवणाऱ्या शिक्षकाला वाटाण्यांनंतर दुसरे उदाहरण शोधावे लागू नये.

२१ जुलै १९५० रोजी कॉर्नवॉल परगण्यातील बॉडमिन मूर या माळरानावरच्या एका शेतघरात मांजरीला पाच पिल्ले झाली. चार साधी होती, पाचवा बोका कुरळा होता. त्याचे नाव कॅलिबंकर. त्याच्या मालकिणीने पूर्वी रेक्स जातीचे ससे पाळले होते. मखमली केसांची ही सशांची जात १९१९ साली फ्रान्समध्ये आढळली होती. तिच्यावरून मांजरालाही रेक्स हेच नाव पडले. एका जनुकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून कॅलिबंकरचा त्याच्या आईशीच संकर केला गेला आणि पुन्हा कुरळी पिल्ले झाली. आईचे केस सरळ होते, तरी कुरळेपणाचे जनुक तिच्यात लपलेले होते. म्हणजे हे जनुक अप्रभावी, आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळाले तरच दिसणारे.

साधारण त्याच सुमारास पूर्व बर्लिनमध्ये एका रुग्णालयाच्या आवारात एक कुरळी मांजरी आढळली. तिच्या वंशातील मांजरांचा पुढे कॉर्नवॉलच्या मांजरांशी संकर झाला तेव्हा कुरळी पिल्ले जन्मली. दोन्ही ठिकाणचा बिघाड एकाच जनुकात होता.

मग १९६० साली डेव्हन परगण्यात, बकफास्टली गावाजवळ, कर्ली नावाचा कुरळा बोका जन्मला. त्याचा बाप म्हणजे जुन्या, बंद पडलेल्या खाणीच्या परिसरात भटकणारा एक कुरळा बोका असावा, असे मानतात. कॉर्नवॉल आणि डेव्हन हे शेजारी परगणे. साहजिकच सर्वांना वाटले, हा कॅलिबंकरचाच कोणी भाऊबंद. कर्लीचा कॉर्नवॉलच्या कुरळ्या मांजरींशी संकर करण्यात आला. जी पिल्ले जन्मली ती सगळी सरळ केसांची!

दोन कुरळ्या पालकांना सरळ केसांची पिल्ले. हे वाक्य फळ्यावर लिहून वर्गाला थोडा वेळ द्यावा. उत्तर असे, की कुरळेपणा दिसायला सारखा असला तरी बिघाड दोन वेगळ्या जनुकांत आहे. कॉर्नवॉलच्या मांजरीत पहिले जनुक बिघडलेले, पण दुसरे धड असते. डेव्हनच्या बोक्यात याच्या उलट. पिल्लाला प्रत्येक जनुकाची एक धड प्रत मिळते, आणि अप्रभावी बिघाडावर मात करायला एक प्रत पुरते. अशा दोन पिल्लांचा पुढे आपसांत संकर केला तर सोळापैकी सरासरी नऊ सरळ आणि सात कुरळी पिल्ले अपेक्षित असतात. त्या सातांत तीन कॉर्निश प्रकारची, तीन डेव्हन प्रकारची आणि एक दोन्ही बिघाड असलेले. मेंडेलचे ९:३:३:१ हे गुणोत्तर येथे ९:७ असे का दिसते, हे विद्यार्थ्यांना स्वतः चौकट आखून काढू द्यावे.

ही जनुके कोणती, हे कळायला पन्नास वर्षे जावी लागली. बार्बरा गँडॉल्फी, लेस्ली लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की डेव्हन रेक्समध्ये केआरटी-७१ हे जनुक बदललेले असते. हे जनुक केराटिनच्या एका प्रकाराची कृती सांगते, आणि हे केराटिन नेमके आतल्या आवरणात, म्हणजे साच्यात वापरले जाते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली. स्फिंक्स ही जवळजवळ टकली दिसणारी मांजराची जात, जिची सुरुवात १९६६ साली कॅनडात झाली, तिच्यातही हेच जनुक बिघडलेले असते, फक्त बिघाडाची जागा वेगळी. म्हणजे कुरळे मांजर आणि टकले मांजर हे एकाच जनुकाच्या दोन रूपांचे परिणाम. साचा थोडा कच्चा असेल तर केस वळतो आणि सहज मोडतो. फारच कच्चा असेल तर केस टिकतच नाही. कुरळेपणा आणि केस गळणे हे दोन प्रश्न नाहीत, असे आम्ही वर म्हटले ते यामुळे.

अमेरिकेत १९८७ मध्ये आढळलेल्या सेलकर्क रेक्स या जातीचे कुरळे केसही केआरटी-७१ मधील तिसऱ्याच एका बदलामुळे येतात. येथे मात्र बिघाड प्रभावी असतो, एक प्रत पुरेशी होते. केराटिनची प्रथिने जोडी जमवून धाग्यात गुंफली जातात. सदोष प्रथिन धाग्यात शिरून धड प्रथिनाचेही काम बिघडवत असेल, तर दुसरी प्रत चांगली असून उपयोग नसतो. एकाच जनुकाचा एक बदल प्रभावी आणि दुसरा अप्रभावी कसा, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर शोधण्याची दिशा ही.

कॉर्निश रेक्सची कथा वेगळी आहे. २०१३ मध्ये तिचे जनुक सापडले: एलपीएआर-६. त्यातील चार अक्षरे गळालेली असतात. जर्मनीतल्या कुरळ्या मांजरांतही नेमका तोच बदल मिळाला. हे जनुक साच्याची वीट बनवत नाही. ते साच्याच्या पेशींवरचा एक ग्राही बनवते. एका लहानशा मेदरेणूचा निरोप हा ग्राही झेलतो. डेव्हनमध्ये विटा वाईट, कॉर्निशमध्ये गवंड्याला निरोपच पोचत नाही. म्हणून कॉर्निशच्या अंगावर वरचे लांब केस नसतातच. जे असतात ते आखूड, अतिशय मऊ, अंगालगत लाटांसारखे बसलेले. आणि सशांचे काय? रेक्स सशांमध्ये जे जनुक बिघडलेले असते, ते हा मेदरेणू तयार करणाऱ्या विकराचे, असे २०११ मध्ये सिद्ध झाले. निरोप पाठवणारा सशात बिघडला, झेलणारा मांजरात. १९५० साली मालकिणीने केवळ दिसण्यावरून सशाचे नाव मांजराला दिले. साठ वर्षांनी तेच नाव रेणूंच्या पातळीवरही शोभून दिसले! असे योग संशोधनात क्वचित येतात.

या रेणूंचा माणसाशीही संबंध आहे. २००८ मध्ये पाकिस्तानातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील काही मुलांचे केस जन्मापासून लोकरीसारखे, विरळ आणि फार न वाढणारे होते. दोषी जनुक हेच, एलपीएआर-६. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या वर्गात कुरळ्या केसांची जी मुले असतात, त्यांचा या बिघाडाशी संबंध नसतो. माणसाचा नेहमीचा कुरळेपणा अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून आणि वाकलेल्या पुटकातून येतो. तो केस धडधाकट असतो. हा लेख वर्गात वाचल्यावर मागच्या बाकावरून कोणाकडे तरी बोट दाखवले जाण्याची शक्यता असतेच, म्हणून हे लिहिले.

आता पिल्लाकडे परत जाऊ.

मांजराचा प्रत्येक केस वाढतो, थांबतो, विश्रांती घेतो आणि मग त्याच पुटकातून नवा केस वर येऊन जुन्याला बाहेर ढकलतो. मोठ्या मांजरात हे चक्र ऋतूनुसार, मुख्यतः दिवसाच्या लांबीनुसार चालते: उन्हाळ्यात वाढ जास्त, हिवाळ्यात बहुतेक पुटके विश्रांतीत. पिल्लाचे पहिले केस मात्र सगळे जवळजवळ एकाच वेळी उगवलेले असतात, त्यामुळे त्यांची बदलण्याची वेळही एकदमच येते. साध्या पिल्लात जुना केस नवा येईपर्यंत मुळाशी तग धरून राहतो, म्हणून बदल आपल्या लक्षातही येत नाही. डेव्हन पिल्लाचा केस कच्चा आणि पकड ढिली. आईच्या चाटण्याने, भावंडांच्या कुस्तीने तो आधीच मोडतो किंवा निघतो, आणि नवा येईपर्यंत त्वचा उघडी पडते. पूर्ण वाढीचे केस यायला काही पिल्लांना वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. सेलकर्क पिल्लांचे कुरळे वळण काही महिन्यांत जाते आणि नंतर परत येते. अमेरिकेतीलच ला पर्म या कुरळ्या जातीत तर पिल्ले टकली जन्मण्याचीही उदाहरणे आहेत. १९८२ साली जन्मलेले पहिले पिल्लू असेच होते. मोठेपणीही गाभणपण आणि दूध पाजण्याच्या काळानंतर मांजरीचे केस विरळ होतात. साध्या मांजरीत ते झाकून जाते, कुरळ्या मांजरीत दिसते.

रंगही बदलतो. सयामी मांजरासारखे टोकाकडे गडद रंग असलेले डेव्हन रेक्स असतात. त्यांच्यात रंग तयार करणारे विकर गार त्वचेतच चांगले काम करते. केस गेले, त्वचा उघडी पडून थंड झाली, की तेथे येणारा नवा केस आधीपेक्षा गडद येतो. पुढच्या खेपेला, अंग झाकलेले असताना, तो पुन्हा फिका. घरच्या मंडळींना वाटते, मांजराला डाग पडले!

हे सारे आम्हांला ठाऊक होते, आणि म्हणूनच आम्ही चुकलो. आमच्या उत्तरानंतर दोन-अडीच आठवड्यांनी विद्यार्थ्याचा दुसरा निरोप आला. मुलीच्या दंडावर गोल, लाल, कडेला खवले असलेला चट्टा उठला होता. डॉक्टरांनी पाहताक्षणी गजकर्ण म्हणून सांगितले. मग पशुवैद्याने पिल्लाचे केस घेऊन त्यावरची बुरशी वाढवली: मायक्रोस्पोरम कॅनिस. नावात कुत्रा असला तरी ही बुरशी मुख्यतः मांजरांची. ती केसातले केराटिन खाऊन जगते, मांजराकडून माणसाकडे जाते आणि लहान मुलांना चटकन धरते. पिल्लाचे बरेच केस जातीच्या स्वभावाने गेले होते. कानामागचे आणि पुढच्या पायावरचे काही बुरशीमुळे. छायाचित्रात दोन्ही सारखेच दिसत होते. जातीचे कारण खरे होते, आणि त्या खऱ्या कारणामागे दुसरे कारण लपून बसले होते.

ही गफलत करणारे आम्ही पहिले नाही. मांजराचे दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ झाले, की संप्रेरकांचा बिघाड, असे पशुवैद्यकात अनेक वर्षे मानले जाई. उपाय म्हणून संप्रेरके दिली जात. त्यांनी काही मांजरांना मधुमेह जडला, काहींना स्तनांच्या गाठी. पुढे लक्षात आले, की यांतील बहुतेक मांजरे स्वतःच चाटून चाटून केस तोडत असतात, आणि माणसांसमोर चाटत नाहीत म्हणून ते कळत नाही. मग दुसरी टोकाची समजूत आली: चाटते म्हणजे मानसिक ताण. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा शिक्का बसलेली २१ मांजरे नीट तपासली. त्यांतील १६ मांजरांना खाज आणणारे शारीरिक कारण निघाले, बहुधा अन्नाची किंवा हवेतील कणांची अॅलर्जी. निव्वळ मानसिक कारण फक्त दोघांत होते.

चाटल्याने गेलेले केस ओळखण्याची एक सोपी पद्धत आहे. दहा-वीस केस उपटून त्यांची टोके सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. आपोआप गळालेल्या केसाचे टोक निमुळते असते, चाटून तुटलेल्याचे बोथट किंवा झाडूसारखे पिंजारलेले. साध्या मांजरात ही खूण फार उपयोगी. पण डेव्हन रेक्सचा केस न चाटताही तुटतो, म्हणून जिथे शंका सर्वांत जास्त तिथेच ही परीक्षा कमी पडते. अशा वेळी काडीच पाहावी लागते. जाडी जागोजागी कमीजास्त असेल तर तो साच्याचा दोष. काडीला चिकटलेले बारीक गोल बीजाणू दिसले तर बुरशी. त्वचा लाल, खवलेदार किंवा तेलकट असेल, मांजर खाजवत असेल, पिसवांची काळी विष्ठा दिसत असेल, तर जातीचे निमित्त बाजूला ठेवून पशुवैद्याकडे जावे. डेव्हन रेक्सच्या त्वचेवर यीस्टसारखी एक बुरशीही इतर मांजरांपेक्षा अधिक आढळते. तिने कातडी चिकट होते, पण तिचा गजकर्णाशी संबंध नाही. अतिनील दिव्याखाली मायक्रोस्पोरमने ग्रासलेले केस अनेकदा हिरवट चमकतात. चमकले नाहीत म्हणून बुरशी नाही, असे मात्र म्हणता येत नाही. ती वाढवून पाहावी लागते, आणि त्यासाठी एक ते तीन आठवडे थांबावे लागते. आम्ही एक संध्याकाळसुद्धा थांबलो नव्हतो.

सूक्ष्मदर्शक असलेल्या शाळेत यातला काही भाग करून पाहता येईल. कुरळे मांजर मिळणार नाही, पण त्याची गरजही नाही. निरोगी, पाळीव मांजराच्या अंगावरून कंगव्याने निघालेले केस घ्यावेत, उपटू नयेत. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून लांब केस, मधला केस आणि लव वेगळे ओळखावेत. प्रत्येकाचे टोक पाहावे. मग एक केस कात्रीने कापून त्याचे टोक शेजारी ठेवावे. निमुळते आणि तुटलेले यांतला फरक एकदा डोळ्यांत बसला, की मुले घरातल्या प्रत्येकाचे केस गोळा करून आणतात, असा आमचा अनुभव आहे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, हे सांगायला विसरू नये.

एक्सेटरच्या घरी मलम, मांजराची औषधी अंघोळ, पोटातून औषध आणि गाद्या-गालिच्यांची वारंवार सफाई, असे दोन-अडीच महिने चालले. मुलीचा चट्टा त्यापूर्वीच गेला. पिल्लू आता दीड वर्षाचे आहे. परवा नवीन छायाचित्र आले. अंगावर दाट, लाटालाटांचे केस आहेत, मानेखाली अजून थोडी विरळ जागा आहे, आणि मिशा पहिल्यासारख्याच आखूड, वाकड्या, मोडलेल्या. मुलीने विचारले आहे, मिशा कधी वाढणार? आम्ही लिहिले, त्या अशाच राहतील. आणि खाली हेही लिहिले, की मानेखालच्या जागेचे चार केस पुढच्या भेटीत पशुवैद्याला दाखवून घ्यावेत.